चार थेंबांचा मसला

गेल्या रमजान ईदच्या संध्याकाळी आमच्या ओटीवर वीसेक माणसे बसली होती. सकाळपासून चार घरचा शीरखुर्मा झालेला, दुपारी बिर्याणी, आणि खाडीकडून वाऱ्याची झुळूक म्हणून नाही. माझा भाचा जहाजावरून सुट्टी घेऊन आला होता. तो म्हणाला, "मामू, गोड खूप झालं. आज माझ्या हातचं सरबत प्या." त्याने आल्याचा रस काढला, लिंबे पिळली, थोडीच साखर घातली, वर बर्फ आणि सोडा. मग खिशातून एक छोटी तपकिरी बाटली काढली आणि प्रत्येक ग्लासावर दोनदा झटकली. सरबताला फिक्कट तांबूस रंग आला. वास लवंग-दालचिनीचा, मागे संत्र्याच्या सालीचा. पहिल्या घोटाला आंबट लागले, आणि घोट उतरल्यावर जिभेच्या मुळाशी किंचित कडवटपणा राहिला. दिवसभराच्या गोडाने जड झालेले तोंड एकदम स्वच्छ झाले. सगळ्यांनी वाहवा केली. भाईजाननी तर दुसरा ग्लास मागून घेतला.

भाईजान म्हणजे माझे थोरले बंधू. वय शहात्तर. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरे भिंगाने वाचून ती दुकानदाराला परत करणारे गृहस्थ. कपड्याला लावायचे ते अत्तर, फवाऱ्याची बाटली नाही, हा त्यांचा नियम मला कळू लागल्यापासूनचा. कोणाला उपदेश करत नाहीत. स्वतःपुरते पाळतात.

रात्री बायका ग्लास विसळत होत्या तेव्हा ती बाटली मला ओट्यावर दिसली. सहज चष्मा लावून वाचली. अल्कोहोल चाळीस टक्क्यांहून अधिक, असे तिच्यावर स्वच्छ छापलेले होते. कंपनीने काही लपवले नव्हते. आमच्यापैकी कोणी वाचले नव्हते, एवढेच.

भाच्याला अंगणात नेऊन विचारले. तो जराही गडबडला नाही. "मामू, ही दारू नव्हे, मसाला आहे. ग्लासाला चार थेंब. पिकलेल्या केळ्यातसुद्धा थोडं अल्कोहोल असतं. तुम्ही केळी सोडणार का?"

मी शिक्षकी केलेला माणूस. चाळीस वर्षे पोरांच्या प्रश्नांना उत्तरे देण्याची सवय. त्या रात्री मला उत्तर आले नाही. पुढचे काही महिने मी या चार थेंबांमागे होतो. जे सापडले आणि जे सापडूनही गिळता आले नाही, ते इथे मांडतो.

आधी वस्तूविषयी. बिटर्स म्हणजे कडू मुळे, साली, बिया आणि मसाले कडक मद्यार्कात मुरवून काढलेला अर्क. यातली जगात सर्वांत प्रसिद्ध बाटली 'अंगोस्टुरा' या नावाची. योहान गॉटलीब बेंजामिन सीगर्ट हा जर्मन डॉक्टर सिमोन बोलिव्हारच्या सैन्यात शल्यविशारद होता. व्हेनेझुएलातल्या अंगोस्टुरा या नदीकाठच्या गावी, आज ज्याला सिउदाद बोलिव्हार म्हणतात, त्याने सैनिकांच्या पोटाच्या तक्रारींवर १८२४ साली हा अर्क सिद्ध केला. म्हणजे मुळात ते औषध होते. पुढे १८७५ मध्ये त्याच्या मुलांनी कारखाना त्रिनिदादला हलवला आणि तो अजून तिथेच आहे. गंमत अशी की अंगोस्टुरा नावाच्या झाडाची साल या अर्कात नाही, नाव गावाचे. बाटलीवरचा कागद बाटलीपेक्षा मोठा असतो आणि झग्यासारखा वर येतो. एका भावाने बाटली ठरवली, दुसऱ्याने लेबल, दोघांनी एकमेकांना माप विचारलेच नाही, अशी त्याची कथा सांगतात. आमच्या घरी मापावरून नाही, पण न विचारण्यावरूनच सगळे घडले, म्हणून ही कथा लक्षात राहिली. या अर्कात मद्यार्काचे प्रमाण ४४.७ टक्के. म्हणजे रमपेक्षाही थोडे अधिकच.

कडवटपणा येतो तो मुख्यतः जेन्शियन नावाच्या डोंगरी झाडाच्या मुळातून. आपला काडेचिराईत याच कुळातला. लहानपणी ताप आला की आजी रात्री काडेचिराईत पाण्यात भिजत घालायची आणि सकाळी ते पाणी नाक दाबून पाजायची. तेव्हा हे कोडे आपल्या ओळखीचे आहे. वेगळेपण इतकेच की आपण कडू पाण्यात काढले आणि त्यांनी मद्यार्कात.

मद्यार्कात का, तर पाण्यापेक्षा तो सालींतली तेले आणि मुळांतला कडूपणा चांगला ओढून घेतो आणि वर्षानुवर्षे बिघडू देत नाही. आता बिनदारूच्या सरबतात बिटर्स घालण्याचे कारण पाहा. आपली सरबते गोड-आंबटाच्या दोन पायांवर उभी असतात. कोकम, पन्हे, लिंबू, सगळ्यांची कथा तीच. पहिला ग्लास छान, दुसरा नकोसा. दारू पिणाऱ्याच्या ग्लासात एक कडसरपणा आणि घशाला लागणारी धार असते, त्यामुळे तो ग्लास तासभर पुरवून पितो. न पिणाऱ्याला मात्र लहान मुलासारखे गोड पाणी मिळते. भाचा म्हणतो, जहाजावर दारू न पिणारे पुष्कळ प्रवासी असतात. कोणी धर्माने, कोणी डॉक्टरच्या सांगण्यावरून, कोणी पूर्वी फार प्यायलेले आणि आता सोडलेले. त्यांनाही मोठ्या माणसाच्या चवीचे काही हवे असते. हे त्याचे म्हणणे मला पटते. ऑस्ट्रेलियात तर लिंबू, सोडा आणि बिटर्स हे दारू न पिणाऱ्याचे पेय म्हणूनच मागवले जाते. ज्याला गाडी चालवत घरी जायचे आहे तो ते घेतो.

आता हिशेब. भाचा 'चार थेंब' म्हणाला ते त्याच्या धंद्यातल्या बोलीने. बाटलीच्या एका झटक्यात थेंब आठ-दहा पडतात, सुमारे ०.८ मिलिलिटर. दोन झटके म्हणजे १.६. त्यात मद्यार्क सुमारे ०.७ मिलिलिटर. दोनशे मिलिलिटरच्या ग्लासात हे प्रमाण ०.३६ टक्क्यांच्या आसपास बसते. झटका तिसरा झाला तर ०.५४. हा आकडा मुद्दाम काढला, कारण ०.५ ही रेषा जगभर महत्त्वाची आहे. आपल्याकडे २०१८ च्या अन्नसुरक्षा नियमांत ०.५ टक्क्यांहून अधिक मद्यार्क असलेले पेय मद्य ठरते. म्हणजे भाच्याचे मनगट एकदा जास्त हलले असते तर कायद्याच्या भाषेत आमच्या ओटीवर ईदच्या दिवशी मद्य वाटले गेले असते. दोन झटक्यांत सरबत आणि तीन झटक्यांत मद्य! कागदावर हे हास्यास्पद दिसते. पण रेषा कुठेतरी मारावी लागते, आणि कोणतीही रेषा जवळ जाऊन पाहिली की अशीच दिसते.

दीन काय सांगतो? कुरआनात दारूविषयीचा आदेश टप्प्याटप्प्याने आला हे आपण सगळे जाणतो. सूरह बकरामध्ये तिच्यात काही फायदा आणि मोठा गुनाह असल्याचे सांगितले, निसामध्ये नशेत नमाजजवळ जाऊ नका म्हटले, आणि माइदामध्ये तिच्यापासून दूर राहण्याचा स्पष्ट हुकूम झाला. हदीसमध्ये नियम आहे की जी वस्तू जास्त घेतल्याने नशा येते ती थोडी घेणेही हराम. या नियमासमोर 'थेंबभर' हा बचाव उभा राहत नाही असे वाटते. पण फकीहांनी पुढचा प्रश्न विचारला आहे. हे जास्त कशाचे धरायचे, बाटलीतल्या अर्काचे की ग्लासातल्या सरबताचे? ते सरबत कोणी दहा ग्लास प्यायला तर पोट फुगेल, नशा येणार नाही. अर्काची बाटली रिकामी केली तर मात्र येईल.

कोणी म्हणेल, इतका कडू अर्क कोण पिणार? अमेरिकेचा कायदाही तेच मानतो. बिटर्स हे पिण्याजोगे पेय नाही असे धरून ते तिथे किराणा दुकानात मीठ-मसाल्याच्या फळीवर मिळते. पण त्याच देशात १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात विस्कॉन्सिन राज्यातल्या वॉशिंग्टन बेटावर टॉम नेल्सन नावाच्या गुत्तेवाल्याने औषधविक्रीचा परवाना काढला आणि पोटाचे औषध म्हणून हेच बिटर्स पेल्यापेल्याने विकले. गिऱ्हाइके सरळ पीत होती. त्या बेटावर ती चाल अजून टिकून आहे. माणसाला प्यायचेच असेल तर कडवटपणा आड येत नाही. तेव्हा 'हा मसाला आहे' हे भाच्याचे वाक्य अर्धेच खरे.

इथे आपल्या मसलकांचाही प्रश्न येतो. आम्ही कोकणी मुसलमान शाफई. आमच्याकडे दारू नापाक धरली जाते आणि नापाक थेंब थोड्या पाण्यात पडला तर रंग, वास, चव बदलो न बदलो, ते पाणी नापाक होते. थोडे म्हणजे दोन कुल्ल्यांहून कमी, आजच्या मापात सुमारे दोनशे लिटर. पाण्याखेरीज दुसऱ्या पातळ पदार्थाला तर मोठ्या मापाचीही सवलत नाही. या हिशेबाने त्या ग्लासाची सुटका नाही. देशावरचे आपले बहुतेक बांधव हनफी. इमाम अबू हनीफांच्या मते खरी खमर द्राक्षाची, बाकीच्या मादक द्रवांचा हुकूम वेगळा. पुढच्या हनफी उलेमांनी प्रत्यक्ष फतवा इमाम मुहम्मद यांच्या कडक मतावर दिला. पण आजच्या काळात मुफ्ती तकी उस्मानींसारख्या आलिमांनी, औषधांत आणि अत्तरांत जो मद्यार्क असतो तो द्राक्ष-खजुराचा नसेल तर जुन्या मताचा आधार घेण्यास वाव ठेवला आहे. दुसरीकडे शाफई फकीहांपैकीही काहींनी औषध व सुगंध टिकवण्यापुरत्या वापराला माफी दिली आहे. म्हणजे आमच्याकडे सगळे बंद आणि त्यांच्याकडे सगळे खुले, असे नाही.

मलेशियाच्या राष्ट्रीय फतवा समितीने २०११ मध्ये असे ठरवले की चव-रंग टिकवण्यासाठी वापरलेला मद्यार्क दारूच्या निर्मितीतून आलेला नसेल आणि अंतिम पदार्थात ०.५ टक्क्यांहून अधिक नसेल तर चालेल. इंडोनेशियाच्या उलेमा कौन्सिलचा २०१८ चा फतवाही साधारण याच वाटेने जातो. दोन्ही ठिकाणी मोजमापाबरोबर उगमही विचारला आहे. मद्यार्क दारूच्या भट्टीतला की अन्य? अंगोस्टुराचे घराणे रमही बनवते, हे लक्षात घेतले की उगमाच्या कसोटीवर प्रश्न पुन्हा अडतो. इंडोनेशियाने तर २००३ मध्येच एक पाऊल पुढे टाकून, हराम वस्तूचे नाव आणि चव यांची नक्कल करणारे पदार्थही नाकारले होते. रमचा थेंब नसलेला रमचा इसेन्ससुद्धा. मला हे पाऊल थोडे जास्त वाटते. नक्कल कशाची हे ठरवणार कोण? लवंग-दालचिनी आणि कडू मूळ यांवर गुत्तेवाल्यांचा मालकी हक्क नाही.

आणि आपल्या स्वतःच्या घरात पाहिले तर काय दिसते? बाळंतिणीला दशमूलारिष्ट आपल्या घरांतूनही देतात. आसव-अरिष्टांत आंबवण्यातून आपोआप तयार झालेला मद्यार्क पाच ते दहा टक्के असतो, बाटलीवर तसे लिहिलेले असते. होमिओपॅथीच्या टिंक्चरांत त्याहून पुष्कळ. भाईजाननीही एकेकाळी गुडघ्यांसाठी एक अरिष्ट महिनाभर घेतले आहे, ते हकिमाने दिले आणि त्यावर 'आयुर्वेदिक' लिहिले होते म्हणून भिंग बाहेर निघाले नाही. सिरक्याचे उदाहरण तर आणखी बोलके. सिरका आधी दारूच्या अवस्थेतून जातो आणि पैगंबरांनी (स.) सिरक्याला उत्तम सालन म्हटले आहे. दारूचा सिरका आपोआप झाला तर तो पाक यावर सगळ्यांचे एकमत. काही घालून मुद्दाम केला तर हनफी हो म्हणतात, शाफई नाही. तशीच गोष्ट नबीजची. खजूर पाण्यात भिजवून ते गोड पाणी पैगंबर (स.) पीत, पण दोन-तीन दिवसांनंतर उरलेले घेत नसत. त्या काळी मद्यार्क मोजायचे यंत्र नव्हते, दिवस मोजता येत होते. आज आपल्याला दशांशाच्या दुसऱ्या घरापर्यंत मोजता येते आणि त्यामुळे आपला शक कमी झाला की वाढला, हे मला सांगता येणार नाही.

इमाम गझालींनी 'इह्या'मध्ये हलाल-हरामवर स्वतंत्र किताब लिहिली आहे. त्यात परहेजगारीच्या पायऱ्या सांगितल्या आहेत. कोणी फक्त उघड हराम सोडतो, कोणी शंकास्पदही सोडतो, कोणी त्याच्याही पलीकडचे. पण याच किताबेत ते वसवशापासून सावधही करतात. शंकेला पुरावा हवा, नुसती कल्पना नको. माझ्या भाच्याला पहिली गोष्ट सांगायला हवी आणि माझ्या भावाला दुसरी, असे मला वाटले. स्वतःला काय सांगावे ते मात्र सुचले नाही.

कारण एव्हाना माझ्या लक्षात आले होते की मी किताबांच्या आडोशाला बसलो आहे. खरा प्रश्न निराळा होता. भाईजानना सांगायचे की नाही?

न सांगण्याची कारणे भक्कम होती. अजाणता घडलेल्यावर पकड नाही, हे दीनचे वचनच आहे. त्यांनी काही गुनाह केलेला नाही, मग सांगून काय साधणार? शिवाय त्यांना हृदयाचा विकार. दारू पिणाऱ्याची चाळीस दिवसांची नमाज कबूल होत नाही ही रिवायत त्यांना पाठ आहे. सांगितले तर ते बोटांवर दिवस मोजू लागतील आणि रात्री झोपणार नाहीत. गावच्या मौलानांना मी नाव न घेता विचारले. ते हसून म्हणाले, "गुरुजी, हे तुम्ही पिण्याआधी विचारताय की प्यायल्यावर?" मी म्हणालो, प्यायल्यावर. ते म्हणाले, "मग तौबा ज्यानं जाणून पाजलं त्याची. ज्यानं नकळत प्यालं त्याला कशाला डिवचता?" सोयीचे उत्तर होते. ते घेऊन मी घरी आलो.

पण सोय कोणाची? माझ्या बहिणीचा नवरा लवकर गेला. भाचा वीस-बावीसचा असताना जहाजावर लागला, त्याला आता नऊ वर्षे झाली. तिच्या घरावर स्लॅब पडला तो त्याच्या पगारातून. भाच्यांची लग्ने, माझ्या मुलाची शेवटच्या वर्षाची फी, भाईजानच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशने, सगळीकडे त्याचा हात लागलेला आहे. तो 'हॉटेल लाइन'मध्ये आहे असे आम्ही सांगतो. जहाजावरच्या त्या हॉटेलात तो कोणत्या काउंटरमागे उभा असतो ते कोणी विचारले नाही. मीही नाही. हदीसमध्ये दारूच्या बाबतीत पिणाऱ्याबरोबर गाळणारा, वाहून नेणारा, विकणारा, पाजणारा असे सगळे मोजलेले आहेत. आमच्या मशिदीत हा भाग वाचला जातो तेव्हा मी खाली चटईकडे पाहतो. बिटर्समधला मद्यार्क मी ०.३६ टक्क्यांपर्यंत मोजला. या स्लॅबमध्ये, या चष्म्यात, त्या फीमध्ये किती टक्के होता, ते मोजायला मी कागद घेतला नाही.

हे लिहिताना भाच्यावर अन्याय होऊ नये. तो पाच वेळचा नसला तरी रोजे धरतो, स्वतः दारूला तोंड लावत नाही. जहाजावर बढती मिळायची तर त्या काउंटरवर काही वर्षे काढावी लागतात, असे त्याने त्या रात्री अंगणात मला प्रथमच सांगितले. आणि बिनदारूच्या पेयांचा तक्ता स्वतःहून मागून घेतला, हेही सांगितले. त्या कडू बाटलीवर त्याचा एवढा जीव का, ते तेव्हा कळले. हराम नोकरीत त्याने स्वतःसाठी एक कोपरा शोधला होता आणि त्या कोपऱ्यातले सर्वांत चांगले जे होते ते तो ईदला घरी घेऊन आला होता. ते नेमके चाळीस टक्क्यांचे निघाले.

तरीही त्याची चूक होतीच. ती थेंबांत नव्हती असे मला आता वाटते. मसल्यात दोन मते असू शकतात. एखादा हनफी मित्र तो ग्लास निश्चिंतपणे पिईल आणि मी त्याला नावे ठेवणार नाही. पण ज्याने जन्मभर एक रेषा पाळली त्याला त्याच्या नकळत रेषेपलीकडे नेण्याचा अधिकार कोणाला आहे? 'त्यानं काही होत नाही' हे वाक्य आपण स्वतःच्या ग्लासाबद्दल म्हणू शकतो. शाकाहारी शेजाऱ्याला रस्सा वाढून 'मटणाचे तुकडे काढलेत' असे आपण म्हणत नाही. आणि असे कोणी आपल्याशी केले तर आपण किती आवाज उठवतो! पाकिटावरच्या सांकेतिक आकड्यांत डुकराची चरबी शोधणारा आपला समाज. आमच्याच माणसाने आमच्याच ज्येष्ठाला न विचारता पाजले आणि ते लपवायला मी फकीह गोळा करत होतो.

आषाढातल्या एका संध्याकाळी सांगितले. बाहेर पाऊस, लाइट गेलेली, भाईजान पडवीत खुर्चीवर तसबीह घेऊन. मी सगळे सांगितले. आकडेही. त्यांनी मध्ये काही विचारले नाही. बराच वेळ पागोळ्यांचा आवाज तेवढा.

मग म्हणाले, "त्याला ठाऊक होतं?"

"होतं. त्याला वाटलं, चार थेंबांनी काही होत नाही."

"आणि तुला कधी कळलं?"

"त्याच रात्री."

ते माझ्याकडे वळून पाहत राहिले. अंधारात चेहरा दिसत नव्हता, ते एका परीने बरे झाले. "मला विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं. बस. त्याचं सरबत राहिलं असतं, माझा एक ग्लास पाण्याचा झाला असता. त्यात कुणाचं काय जात होतं?"

मी गप्प बसलो. त्यांनी तसबीहचे मणी पुढे सरकवले. दिवस मोजतील असे मी धरून चाललो होतो, पण ते दुसऱ्याच गोष्टीवर गेले. "तो तिथं काय करतो ते मला पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे. त्याच्याबरोबरचा एक पोरगा बोलला होता. माझे डोळे झाले तेव्हा बहिणीनं पैसे आणून ठेवले. मी मोजून घेतले. तेव्हा भिंग घेतलं नाही मी." थोडे थांबून म्हणाले, "त्याला एवढ्यात काही बोलू नकोस. फोनवर नको."

मगरिबची अजान झाली आणि ते वजूला उठले. त्या रात्री जेवले नीट, झोपलेही. मी जागा होतो.

पुढच्या महिन्यात भाच्याचा फोन आला तेव्हा त्यांनी स्वतः माझ्या हातातून फोन घेतला. खुशाली विचारली, हवा-पाणी विचारले, मग म्हणाले, "ते सरबत मला आवडलं होतं. पण ती बाटली पुन्हा घरात नको. बाकी तुझ्या कामाचं तू आलास की बसून बोलू." पलीकडे काय उत्तर आले मला कळले नाही. बराच वेळ ते नुसते "हूं, हूं" म्हणत होते.

तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरात प्रयोग चालू आहेत. भाचा तिकडून सांगतो आणि माझी बहीण इकडे करते. काडेचिराईत, वाळवलेली संत्र्याची साल, लवंग, दालचिनी, मिऱ्याचे चार दाणे, हे पाण्यात उकळून गाळायचे आणि ग्लासाला एक चमचा घालायचे. चव बरीच जवळ जाते, पण धार येत नाही, आणि मद्यार्क नसल्यामुळे फ्रिजमध्ये ठेवूनही आठवड्याभरात वर बुरशी धरते. सिरक्यात मुरवून पाहिले. ते टिकते, पण सरबताला लोणच्याचा वास येतो. आता भाच्याने कळवले आहे की परदेशात ग्लिसरीनमध्ये मुरवलेले बिटर्सही मिळते, त्यात मद्यार्क घालावा लागत नाही, चव गोडसर येते आणि टिकतेही. पुढच्या सुट्टीला येताना एक बाटली आणू का, असे त्याने विचारले आहे. या वेळी आधी विचारले.

निरोप मी भाईजानना वाचून दाखवला. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "त्याला लिही, ग्लिसरीन तेलापासूनही निघतं आणि चरबीपासूनही. हे कशाचं आहे ते कंपनीला विचारून घे, मग आण."